दंतचिकित्सेतील दुसरे दोन हात : दंत-सहायकाचे प्रशिक्षण व कार्य

प्रस्तावना

तालुक्याच्या गावातील बाजारपेठेतून जाताना दंतवैद्यांच्या दवाखान्यांच्या दारावर अधूनमधून एक पाटी दिसते : ‘दवाखान्यात कामासाठी मुलगी पाहिजे.’ या पाटीवर शैक्षणिक पात्रता नसते, कामाचे स्वरूप नसते, पदाचे नावही नसते. जी मुलगी या पाटीला प्रतिसाद देते ती पहिल्या दिवशी केर काढते, दुसऱ्या आठवड्यात रुग्णांची नावे लिहून घेते आणि दोन-तीन महिन्यांत रुग्णाच्या उघड्या तोंडापाशी हातात सक्शनची नळी धरून बसलेली असते. रुग्ण तिला ‘सिस्टर’ म्हणतात, डॉक्टर ‘असिस्टंट’ म्हणतात आणि घरची मंडळी ‘दवाखान्यात आहे’ एवढेच सांगतात.

हे काम नेमके कोणते, ते कसे शिकले जाते आणि त्यातील कोणता भाग केवळ पाहून शिकता येत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रस्तुत लेखिका सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापक आहे, दंतवैद्य नव्हे. या विषयाकडे वळण्याचे कारण एक माजी विद्यार्थिनी ठरली. बारावी विज्ञान शाखा उत्तीर्ण झाल्यावर घरच्या परिस्थितीमुळे तिने शिक्षण सोडले व एका दंतचिकित्सालयात नोकरी धरली. दीड-दोन वर्षांनी ती महाविद्यालयात दाखला नेण्यासाठी आली आणि कार्यालयातले काम आटोपून प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. “मॅडम, वापरलेली सुई टोचली तर काय होतं हो?” एवढाच तिचा प्रश्न होता. सुई टोचून चार दिवस झाले होते. भुलीच्या इंजेक्शनच्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवताना ती अंगठ्यात शिरली होती. तिने अंगठा दाबून रक्त काढले, जंतुनाशक लावले, पट्टी बांधली आणि कामात चूक झाली असे डॉक्टर समजतील या भीतीने कोणालाही सांगितले नाही. कावीळ ‘ब’ची लस तिला कोणी दिलेली नव्हती, अशी लस घ्यावी लागते हेही तिला ठाऊक नव्हते.

बारावीला विषाणूंचे प्रकरण तिने आमच्याकडेच शिकले होते, आणि परीक्षेत त्यावरचे उत्तरही बहुधा बरोबर लिहिले असेल.

व्यवसायाचा उगम

अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्स येथील दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८८५ च्या सुमारास आपल्या दवाखान्यात एका स्त्रीची सहायक म्हणून नेमणूक केली. या घटनेपासून दंत-सहायक या व्यवसायाचा आरंभ मानला जातो. त्या काळी सोबत कोणी असल्याशिवाय स्त्रिया पुरुष दंतवैद्याकडे जात नसत. दवाखान्यात एक स्त्री कायम हजर असते हे कळल्यावर त्या एकट्याही येऊ लागल्या. म्हणजे सहायिकेची पहिली गरज तांत्रिक नव्हती, सामाजिक होती. आपल्याकडील पाटीवर आजही ‘मुलगी’च का हवी असते, याचे निम्मे उत्तर येथे सापडते. उरलेले निम्मे उत्तर वेतनात आहे.

पुढे १९२४ मध्ये ज्युलिएट साउदर्ड यांच्या पुढाकाराने अमेरिकेत दंत-सहायकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९४८ मध्ये प्रमाणपत्र परीक्षा घेणारे मंडळ अस्तित्वात आले. या परीक्षेची तीन अंगे आहेत : क्ष-किरणांबाबतची सुरक्षितता, संसर्ग-नियंत्रण आणि खुर्चीशेजारील साहाय्य. तीनपैकी दोन अंगे सुरक्षिततेची आहेत, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये या व्यावसायिकास ‘डेंटल नर्स’ म्हणतात व २००८ पासून तेथे त्यांची नोंदणी अनिवार्य आहे.

भारतीय कायद्यातील स्थान

भारतात १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने दंतवैद्याखेरीज दोन व्यावसायिकांची व्याख्या केली. दात स्वच्छ करणारा व मुखस्वच्छतेचे शिक्षण देणारा ‘डेंटल हायजिनिस्ट’ आणि कवळ्या व तत्सम साधने घडवणारा वा दुरुस्त करणारा ‘डेंटल मेकॅनिक’ हे ते दोघे होत. खुर्चीशेजारी बसणारा सहायक या व्याख्यांत नव्हता. त्याच कायद्यात दंतवैद्यांच्या नोंदवहीचा एक ‘ब’ भाग होता. मान्यताप्राप्त पदवी नसलेल्या, परंतु कायदा येण्यापूर्वी किमान पाच वर्षे व्यवसाय करणाऱ्यांना त्यात स्थान मिळाले. पाहून शिकलेल्या मंडळींना कायद्याने दिलेली ती एकवारची सवलत होती. पुढे दंतपरिषदेने दंतशस्त्रक्रिया-कक्षातील सहायकासाठी अभ्यासक्रम आखला, आरोग्य क्षेत्रातील कौशल्य परिषदेनेही ‘डेंटल असिस्टंट’ या भूमिकेची कौशल्यमानके ठरवली आणि २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग अधिनियमाने दंतवैद्याच्या साहाय्यक व्यावसायिकांसाठी एक व्यापक संज्ञा स्वीकारून त्यांच्याही राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली.

कागदावरील ही प्रगती आणि बाजारपेठेतील ती पाटी यांची अजून गाठ पडलेली नाही. दंत महाविद्यालयांत व मोठ्या रुग्णालयांत प्रशिक्षित सहायक आढळतात. एका खुर्चीच्या दवाखान्यात मात्र शिकवणारा डॉक्टरच असतो आणि शिकवण्याची वेळ म्हणजे दोन रुग्णांमधील पाच मिनिटे. डॉक्टरांना यात दोष देणे सोपे आहे, पण ते पूर्णतः न्याय्य नाही. मुलगी चार-सहा महिन्यांत लग्न ठरून किंवा शेजारच्या दुकानात दोनशे रुपये अधिक मिळतात म्हणून निघून गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हा त्यांचा अनुभव खोटा नाही.

खुर्चीशेजारचे काम

दंतवैद्याला दोन हात असतात आणि तोंडाच्या पोकळीत काम करताना ते पुरत नाहीत. एका हातात आरसा, दुसऱ्यात हँडपीस. मग लाळ व पाणी कोण ओढणार, जीभ व गाल कोण बाजूला धरणार, पुढचे उपकरण कोण देणार? यातूनच ‘चार हातांची दंतचिकित्सा’ ही पद्धती विकसित झाली. रुग्णाचे तोंड हा घड्याळाचा मध्य आणि डोक्याची दिशा म्हणजे बाराचा आकडा मानला, तर उजव्या हाताने काम करणारा दंतवैद्य साधारणपणे सात ते बारा या पट्ट्यात बसतो व सहायक दोन ते चार या पट्ट्यात. उपकरणांची देवघेव चार ते सात या पट्ट्यात, रुग्णाच्या हनुवटीलगत व्हावयाची असते. डोळ्यांवरून कोणतेही टोकदार साधन न्यावयाचे नसते. सहायकाची बैठक दंतवैद्याच्या बैठकीपेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर उंच असावी लागते, अन्यथा तिला तोंडातील काहीच दिसत नाही. अनेक दवाखान्यांत सहायकासाठी बैठकच नसते. ती दिवसभर वाकून उभी असते आणि वयाच्या पंचविशीत कंबर धरून बसते.

सहायकाला आकड्यांची एक भाषा शिकावी लागते. जागतिक दंतसंघटनेच्या पद्धतीनुसार प्रत्येक दाताला दोन अंक असतात. पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश दाखवतो : रुग्णाच्या वरच्या उजव्या बाजूस १, वरच्या डाव्या बाजूस २, खालच्या डाव्या बाजूस ३ आणि खालच्या उजव्या बाजूस ४. दुसरा अंक मध्यरेषेपासून मागे मोजलेला दाताचा क्रम असतो. त्यामुळे खालच्या उजव्या बाजूची पहिली दाढ ‘चार-सहा’ ठरते. तिला ‘सेहेचाळीस’ म्हणावयाचे नसते. सेहेचाळीस आणि छत्तीस घाईत एकमेकांत मिसळतात. चार-सहा आणि तीन-सहा मिसळत नाहीत. शिवाय उजवी बाजू ही रुग्णाची, पाहणाऱ्याची नव्हे. दुधाच्या दातांसाठी चतुर्थांशांचे अंक ५ ते ८ असे आहेत. ही पद्धती ज्या मुलीला समजली, ती केसपेपरवर लिहिलेली दाढ आणि भूल दिलेली बाजू जुळत नसल्यास वेळीच बोलू शकते. जिने ती केवळ पाठ केली आहे, ती गप्प राहते.

पदार्थ कालवण्याचे कामही असेच आहे. दातांचे माप घेण्यासाठी वापरली जाणारी अल्जिनेटची पूड पाण्यात मिसळली की काही मिनिटांत घट्ट होते, आणि पाणी जितके गरम तितकी ती लवकर घट्ट होते. विदर्भातील एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणी वापरल्यास डॉक्टरांच्या हाती साचा जाईपर्यंत तिचा गोळा झालेला असतो. घेतलेले माप तसेच टेबलावर राहिले तर त्यातील पाणी उडून ते आकसते, पाण्यात टाकून ठेवले तर पाणी शोषून फुगते. दोन्ही प्रकारे पुढे कवळी बसत नाही आणि रुग्ण दोष देतो तो डॉक्टरांना. म्हणून ते धुऊन, निर्जंतुक करून लवकरात लवकर त्यात प्लास्टर ओतावे लागते आणि तोवर ओल्या कापडात गुंडाळून ठेवावे लागते. पाण्याच्या तापमानाने अभिक्रियेचा वेग बदलतो हे रसायनशास्त्रात आहेच. मात्र ‘थंड पाणी घे’ एवढीच सूचना मिळालेल्या मुलीला फ्रीज बंद पडलेल्या दिवशी काय करावे हे सुचत नाही.

निर्जंतुकीकरण

सहायकाच्या सर्व कामांत रुग्णाच्या जिवाशी थेट निगडित असलेले काम हेच होय, आणि ते बहुधा तिच्या एकटीकडेच असते. डॉक्टर खुर्चीवर असतात, सहायक मागच्या खोलीत. तेथे काय घडते हे रुग्णाला दिसत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही दिसत नाही.

उपकरणे पाण्यात उकळण्याची रीत पूर्वी सर्वत्र होती. उकळत्या पाण्याने बहुतेक जीवाणू व विषाणू मरतात, परंतु जीवाणूंचे बीजाणू टिकून राहतात. म्हणून दाबाखालील वाफ लागते : १२१ अंश सेल्सिअस तापमान, चौरस इंचाला सुमारे १५ पौंड दाब आणि हे तापमान गाठल्यानंतर किमान १५ मिनिटे, वेष्टनातील साहित्यास त्याहून अधिक. ‘गाठल्यानंतर’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण वेळ मोजण्यास सुरुवात करण्यातच सर्वाधिक चुका होतात. कुकरच्या बनावटीच्या ऑटोक्लेव्हमध्ये आतील हवा आधी बाहेर जाऊ द्यावी लागते. हवा कोंडून राहिली तर दाबाचा काटा योग्य ठिकाणी दिसूनही तापमान कमी राहते. स्वयंपाकघरात कुकर वापरणाऱ्या मुलीला ही गोष्ट दोन वाक्यांत समजावता येते. ती दोन वाक्ये कोणीतरी बोलावी लागतात.

त्याआधीची पायरी स्वच्छतेची. उपकरणावर रक्ताचा वा सिमेंटचा थर वाळलेला असेल तर वाफ आतपर्यंत पोहोचत नाही. म्हणून वापर होताच उपकरण द्रावणात भिजवणे, जाड हातमोजे घालून वा अल्ट्रासॉनिक यंत्रात स्वच्छ करणे, धुणे, उजेडात धरून पाहणे, कोरडे करणे आणि मगच पाऊचमध्ये सीलबंद करणे हा क्रम मोडता येत नाही. पाऊचवरील पट्टीचा रंग बदलला म्हणजे सर्व जंतू मेले असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. साध्या पट्टीचा रंग फक्त तो पाऊच उष्णतेतून गेला एवढेच सांगतो. खरी परीक्षा उष्णतेस दाद न देणाऱ्या ‘जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस’ या जीवाणूच्या बीजाणूंची पट्टी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवून, नंतर तिच्यावर वाढ होते का हे पाहण्याची. ही चाचणी आठवड्यातून एकदा व्हावी अशी शिफारस आहे.

हँडपीसचा प्रश्न वेगळा आहे. तो महाग असतो, एका दवाखान्यात दोन-तीनच असतात आणि दोन रुग्णांमध्ये ऑटोक्लेव्हला वेळ नसतो. मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसून तो पुढच्या रुग्णासाठी घेतला जातो. हँडपीस थांबताना लाळ व रक्ताचे सूक्ष्म कण त्याच्या आत ओढले जाऊ शकतात. बाहेरून पुसण्याने त्यांचे काहीच होत नाही. कावीळ ‘ब’चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो, हे ज्या सहायिकेला माहीत आहे ती डॉक्टरांना ‘सर, हा अजून झालेला नाही’ असे म्हणण्याचे धाडस करील. माहिती नसेल तर धाडसाचा प्रश्नच उद्भवत नाही.

सुई, कचरा आणि क्ष-किरण

दंतचिकित्सेत एकाच भेटीत पुन्हा भूल देण्याची वेळ येते. त्यामुळे ‘सुईला टोपण लावूच नये’ हा रुग्णालयातील सरसकट नियम येथे जसाच्या तसा चालत नाही. त्याऐवजी टोपण ट्रेमध्ये आडवे ठेवून, एकाच हाताने सुई त्यात सरकवून उचलण्याची रीत आहे. शिकायला पाच मिनिटे पुरतात. आमच्या विद्यार्थिनीला ती पाच मिनिटे मिळाली नव्हती.

सुई टोचलीच तर जखम दाबू नये, साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि तत्काळ कळवावे. ज्या रुग्णाला ती सुई वापरली त्याला संसर्ग असेल, तर लस न घेतलेल्या व्यक्तीस कावीळ ‘ब’ होण्याची शक्यता शेकडा ६ ते ३०, कावीळ ‘क’ची सुमारे १.८ आणि एचआयव्हीची सुमारे ०.३ इतकी सांगितली जाते. एचआयव्हीवरील प्रतिबंधक औषधे शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात; शासकीय रुग्णालयांत ती मिळतात. विद्यार्थिनी आमच्याकडे आली तेव्हा ही मुदत उलटून गेली होती. तिला जिल्हा रुग्णालयात नेले, लसीची पहिली मात्रा दिली आणि पुढचे काही महिने ती ठरलेल्या तारखांना रक्त तपासत राहिली. अहवाल निर्दोष आले. त्या महिन्यांत तिने घरी काहीही सांगितले नव्हते. लसीच्या तीन मात्रा शून्य, एक व सहा महिन्यांनी असतात व शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करावयाची असते. हा सर्व खर्च एका रूट कॅनॉलच्या शुल्काहून पुष्कळ कमी आहे.

कचऱ्याबाबत २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम स्पष्ट आहेत : रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे व नळ्या लाल, काच निळ्या आणि सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. रंगांचा तक्ता भिंतीवर असतोच. तो वाचून दाखवणारा असावा लागतो.

क्ष-किरणांच्या संदर्भात पुन्हा केल्स यांचेच स्मरण होते. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर वर्षभरातच त्यांनी दातांची छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली. नलिका योग्य स्थितीत आली की नाही हे ते स्वतःचा हात किरणांत धरून पाहत. त्यातून त्यांना कर्करोग झाला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, बोटे गेली, हात गेला आणि १९२८ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. आज मात्रा अत्यल्प आहेत व संवेदक डिजिटल आहेत. तरीही रुग्णाच्या तोंडातील फिल्म वा सेन्सर आपल्या बोटाने धरून ठेवणारी सहायिका विरळा नाही. दिवसातून आठ-दहा वेळा, वर्षातून तीनशे दिवस. फिल्म धरण्यासाठी होल्डर असतो. तो वापरावा किंवा रुग्णालाच धरावयास सांगावे, आणि बटण दाबताना खोलीबाहेर वा आडोशामागे राहावे.

रुग्णाची भाषा

एका बाबतीत मात्र ही मुलगी बहुधा डॉक्टरांपेक्षा सरस असते, आणि पाठ्यपुस्तकांत त्याची दखल फारशी घेतलेली नसते. रुग्णाची तक्रार प्रथम तिच्या कानी पडते, तीही बोलीत. थंड पाण्याने ‘सणक’ येते आणि लगेच जाते, ही एक स्थिती. रात्री आडवे पडले की ‘ठणका’ लागतो, ही दुसरी. पहिलीत दाताचे आवरण झिजल्याची वा कीड वरवर असल्याची शक्यता अधिक, दुसरीत कीड मज्जेपर्यंत पोहोचल्याची. केसपेपरवर दोहोंसाठी ‘दुखणे’ एवढाच शब्द लिहिला तर मोलाची माहिती हरवते. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ हा समज म्हातारीच्या मनातून काढण्याचे काम, मशेरी लावणाऱ्या बाईला न दुखावता तिच्या हिरड्यांबद्दल बोलण्याचे काम, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, मधुमेह आहे का, दिवस गेले आहेत का आणि सकाळपासून काही खाल्ले आहे का हे विचारण्याचे काम तीच करते. उपाशी व भेदरलेला रुग्ण इंजेक्शनच्या आधीच चक्कर येऊन पडू शकतो. अशा वेळी खुर्ची आडवी करून पाय उंच करणे, हेही तिलाच प्रथम सुचावे लागते.

महाविद्यालयांकडून काय होऊ शकेल

वर वर्णिलेल्या कामांची यादी पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. यातील हाताचे कौशल्य दवाखान्यातच शिकावे लागेल. त्याला पर्याय नाही. परंतु कारणांचे ज्ञान, म्हणजे बीजाणू का टिकतात, माप का आकसते, किरणांचा परिणाम का साठत जातो, लसीने प्रतिपिंडे कशी तयार होतात, हे सर्व आमच्या साध्या विज्ञान महाविद्यालयात आजही शिकवले जाते. ऑटोक्लेव्ह सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे, काचपट्टी व सिमेंट रसायनशास्त्राला परके नाही आणि दात व जबडा प्राणिशास्त्राच्या कपाटात आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये बी.व्होक. अभ्यासक्रमांची योजना आणली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवी स्तरावर कार्यप्रशिक्षणास श्रेयांक मिळू लागले. या चौकटीत चाळीस-पन्नास तासांचा एखादा प्रमाणपत्र वर्ग, स्थानिक दंतवैद्यांच्या सहभागाने, बसवता येणे अवघड नाही. मात्र त्यात दोन मर्यादा पाळाव्या लागतील. या प्रमाणपत्राने कोणालाही भूल देण्याचा, दात कोरण्याचा वा काढण्याचा अधिकार मिळत नाही, हे पहिल्याच पानावर छापावे लागेल. आणि कावीळ ‘ब’ची पहिली मात्रा घेतल्याशिवाय विद्यार्थिनीस दवाखान्यात पाठवता येणार नाही.

अभ्यासक्रम आखताना आम्ही आधी शरीररचनेपासून आरंभ करण्याचे ठरवले होते. त्या विद्यार्थिनीला मसुदा दाखवला तेव्हा तिने तो उलटा केला. पहिल्या तासाला एका हाताने टोपण लावणे, दुसऱ्या तासाला कुकरमधील हवा, दातांची नावे नंतर. नंतर तिने वेळापत्रकाकडे बोट दाखवले. वर्ग शनिवारी दुपारी ठेवला होता. शनिवारी दवाखान्यात सर्वाधिक गर्दी असते, त्या दिवशी सुट्टी कोणीही देणार नाही, असे ती म्हणाली. वर्ग रविवारी सकाळी ठेवला आहे.